झडती

“ही काय झडती झाली?” झडतीबाई खिडकीतल्या खिडकीत पुटपुटल्या. बोटभर पडदा सरकवून त्या मघापासून उभ्या होत्या, आणि ओट्यावरचा चहा केव्हाच निवून गेला होता.

घरांच्या मागे पडीक जमीन होती, मधोमध एक डबकं, तिच्याभोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाला एक लाकडी फाटक. फाटकाशी आज कोणीतरी टेबल आणून ठेवलं होतं. टेबलावर ब्रश, झाकणाचा डबा, आणि मागे रुंद काठाची टोपी घातलेली एक बाई. आत जाणारा प्रत्येक जण तिच्यासमोर थांबे, बुटांवरून ब्रश फिरवल्यासारखं करी, ती गोड हसे आणि माणूस आत जाई. खिसे बघणं नाही, मोजे बघणं नाही. एका म्हाताऱ्याच्या पाठीवर तर एवढी मोठी पिशवी होती की तिच्यात एखादं मूल आरामात झोपलं असतं. तीही तशीच आत गेली. झडतीबाईंचे हात शिवशिवायला लागले.

त्यांना सगळी वसाहत झडतीबाईच म्हणे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. लोकरीचा कारखाना चालू होता तेव्हा संध्याकाळचा भोंगा झाला की बायकांच्या फाटकावर त्या उभ्या राहत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीने हात दोन्ही बाजूंना पसरायचे. झडतीबाई आधी खांदे चाचपत, मग काखा, मग कंबर, मग कोटाचा घेर आणि शेवटी बूट. कोणी लोकरीची लडी पोटाला गुंडाळून नेई, कोणी अस्तरात शिवून. सापडलीच तर ती जागची हलवायची नाही, आधी साक्षीदार बोलवायचे. नाही सापडली तर त्या “जा” म्हणत, आणि तो शब्द कानावर पडेपर्यंत हात खाली घ्यायचे नाहीत, असा नियम होता.

कारखाना बंद पडून जमाना झाला. वसाहत मात्र राहिली, आणि जिची जिची झडती घेतली त्या सगळ्या बायका झडतीबाईंच्या आजूबाजूलाच म्हाताऱ्या झाल्या. भांडण कोणाशी नव्हतं. पण वाटीभर साखर मागायला त्यांच्या दारात कधी कोणी आलं नाही, आणि त्याही कोणाकडे गेल्या नाहीत. संशय हा त्यांचा धंदा होता. धंदा गेला आणि संशय तेवढा घरात उरला. दूधवाल्याने आज दूध चांगलं आहे म्हटलं, की मग काल कसं होतं, हा प्रश्न त्यांना पडे. भाचीने फोन करून तब्येत विचारली, की हिचा घरावर डोळा आहे की काय, म्हणून पुढचा अख्खा दिवस खराब जाई.

आणि अशा बाईंच्या खिडकीसमोर ही फुकट राबणारी माणसं येऊन पडली होती. दर रविवारी यायची, गुडघ्यांवर बसून रान उपटायची, चिखलात बरबटायची आणि हसत हसत घरी जायची. झडतीबाईंना तिथेच पहिली शंका आली. काम करून हसत घरी जाणारं माणूस त्यांनी फाटकावर इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. टोपीवाली म्हणे दातांची डॉक्टर होती. दवाखाना चालत नसेल, झडतीबाईंनी ठरवलं. मग या लोकांनी जमिनीत खुंट्या ठोकून दोऱ्या बांधल्या, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली, कारण प्लॉट पाडायच्या आधी दोऱ्याच बांधतात. वसाहतीतल्या पोरांना गोण्यांवर बसवून त्यांच्याकडून डबक्याचे नकाशे काढून घेतले. मोजणीचा खर्च वाचवला, दुसरं काय. वर पोरांना बिस्किटं.

पण जमीन लाटायची ती लाटा, झडतीबाईंना त्याहून सहन होत नव्हतं ते फाटकावरचं टेबल. झडती घ्यायची तर नीट घ्या, नाहीतर नाटक कशाला करता? त्यांनी खुंटीवरचा कोट काढला. कारखान्याचा राखाडी, जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा गणवेशाचा कोट होता तो. कारखाना बंद झाला त्या गडबडीत परत करायचा राहून गेला होता. फाटकातून बाहेर गेलेली आणि कधीच न पकडलेली अशी ती एकच वस्तू, असं बायका मागे म्हणत. तो अंगावर चढवून झडतीबाई मागच्या दाराने निघाल्या. परसात कचऱ्याच्या पिंपापाशी रान कमरेएवढं माजलं होतं. त्यातून वाट काढत त्या थेट टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि काय शोधताय म्हणून त्यांनी विचारलं.

टोपीवालीने न कंटाळता सांगितलं. या जमिनीवर चिकटा माजला होता. चिकटा म्हणजे तेच काटेरी बोंडांचं झाड, ज्याची बोंडं कपड्यांना धरली की सुटत नाहीत. ते इथलं नव्हे. दूरदेशीच्या मेंढ्यांच्या लोकरीत अडकून, गाठोड्यांमधून कारखान्यात आलं, विंचरलेल्या लोकरीचा केर मागे टाकला जाई त्यातून रुजलं, आणि त्याने काठावरची लव्हाळी, पाणकणसं, निळी फुलं सगळं खाऊन टाकलं. आता तळ्याकाठचा एक तुकडा साफ करून इथलीच जुनी झाडं परत लावायची होती. साफ केलेल्या तुकड्यात एक जरी बोंड गेलं तरी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. म्हणून हा ब्रश आणि हा डबा.

गाठोड्यांतून आलं, हे ऐकून झडतीबाई जरा दुखावल्या. गाठोडी मोठ्या फाटकाने येत. त्यांची झडती कोणी घेत नसे.

तेवढ्यात मघाचा पिशवीवाला म्हातारा पाणी प्यायला बाहेर आला. निवृत्त पोस्टमन होता, पिशवीची सवय सुटली नव्हती एवढंच. झडतीबाईंनी त्याला हात पसरायला लावले. मोज्यांच्या घडीत, विजारीच्या दुमडीत, कॉलरखाली, पिशवीच्या शिवणीत, जिथे हात घातला तिथे बोंडं निघाली. टोपीवाली आधी अवाक झाली आणि मग इतकी हसली की टोपी पडली. दर रविवारी याल का, म्हणून तिने तिथल्या तिथे विचारलं.

“पगार काय?”

“पगार नाही हो. कोणालाच नाही.”

“मग तुम्हाला यातून काय मिळतं?”

“आठवडाभर मी लोकांच्या तोंडात बघते, मावशी,” ती म्हणाली. “रविवारी जरा दुसरं काहीतरी बघावंसं वाटतं.”

झडतीबाईंचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. पण हो म्हणाल्या. अट एकच घातली, आत जाताना जशी झडती तशी बाहेर पडतानाही. आत काय नेतात याच्यापेक्षा बाहेर काय नेतात, यात त्यांना जास्त रस होता.

असे कितीतरी रविवार गेले. बाहेर कोणी काही नेलं नाही, याचा अर्थ हे लोक फार हुशार आहेत, असा झडतीबाईंनी काढला. काम संपून सगळे हातपाय धुवायला गेले की त्या एकट्या आत जात आणि दोरीच्या कडेकडेने तुकड्याला एक पूर्ण फेरी मारत. खुंट्या सरकवल्या का, काही पुरलं का, हे बघायला. त्यांच्या कोटाचा घेर गवताला घासत जाई. पाण्यापाशी लव्हाळी धरली होती. एकदा फेरीत त्यांना पाणकोंबडी दिसली, काळी, लाल चोचीची, मागे पिल्लांची रांग. झडतीबाई खूप वेळ उभ्या राहिल्या. घरी जाताना आपण डबक्याला मनातल्या मनात तळं म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

आणि पोरं. पोरं लांबून दिसली की हात पसरूनच पळत येत. झडतीआजी, आधी माझी. कोणी मुद्दाम एखादं बोंड मोज्यात लपवी आणि सापडलं की खिदळे. बाई खांदे, काखा, कंबर, घेर, बूट या क्रमाने जात, गुदगुल्या करत नसत, आणि गंभीर चेहऱ्याने “जा” म्हणत. पोरांना वाटे हा खेळ आहे. झडतीबाईंना वाटे हे काम आहे. मात्र शनिवारी संध्याकाळी त्या कोटाला ब्रश मारून ठेवायला लागल्या होत्या, आणि रविवारी पाऊस पडू नये अशी त्यांची इच्छा असे. आयुष्यात पहिल्यांदा लोक आपणहून त्यांच्याकडे हात पसरत येत होते. हे गेलं तर खिडकी आणि निवलेला चहा एवढंच उरणार होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

एका रविवारी माई आली.

माई म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. दोघी तरुणपणी एकाच वेळी कारखान्यात लागल्या होत्या, लोकर विंचरायच्या खात्यात, शेजारशेजारच्या यंत्रांवर. सकाळी माई दारावर थाप मारी आणि दोघी एका छत्रीतून जात. मग मुकादमाने झडतीबाईंची नजर चांगली म्हणून त्यांना फाटकावर नेमलं. पहिल्याच संध्याकाळी माई हसत हसत आली, घे बाई तपास म्हणाली, आणि हात पसरून उभी राहिली. मागे मुकादम उभा होता. मैत्रिणीला सोडते का, तेच बघायला उभा होता. झडतीबाईंनी माईला नखशिखांत तपासलं, आणि शेवटी सगळ्यांदेखत तिचा अंबाडा सोडून केसांत बोटं फिरवली. काही नव्हतं. माईचं हसू तेव्हा जे गेलं ते गेलंच. त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत रोज संध्याकाळी माई हात पसरे, झडतीबाईंच्या डोक्यावरून पलीकडे बघे, आणि “जा” ऐकून निघून जाई. दोन घरांमधल्या भिंतीतून एकीचा खोकला दुसरीला ऐकू येई. बोलणं मात्र नळाला पाणी आलं का, एवढंच.

ती माई टोपली घेऊन फाटकावर उभी होती. टोपलीत तिने पत्र्याच्या डब्यांमधून वाढवलेली लव्हाळ्याची रोपं होती. टोपीवालीने बी दिलं होतं म्हणे. माईने टोपली ठेवली आणि न सांगता हात पसरले. झडतीबाईंनी तिला इतक्या हलक्या हाताने तपासलं की मोजे बघायचेच राहिले. माई आत गेली, आणि त्यानंतर दर रविवारी येत राहिली. बोलली नाही, पण येत राहिली.

वर्ष सरत आलं तसं नगरपालिकेचं पत्र आलं. जमीन या मंडळींना वर्षभरापुरतीच दिली होती. पुढच्या महिन्यात साहेब बघायला येणार, तुकडा स्वच्छ दिसला तर जमीन त्यांच्याकडे राहील, नाहीतर तिथे ट्रक उभे करायला जागा होईल. त्याच आठवड्यात पोस्टमनकाकांना दोरीच्या कडेला चिकट्याची रोपं दिसली. एक नाही, दोन नाही, दोरीच्या कडेने चारी बाजूंनी, कोणी चालत चालत पेरत गेल्यासारखी रांग. मधल्या भागात एकही नाही.

टोपीवाली पहिल्यांदा हसली नाही. वारा असा रांगेत पेरत नाही, ती एवढंच म्हणाली. हे कोणीतरी मुद्दाम करतंय, ही गोष्ट मग कोणी बोलून दाखवली नाही पण प्रत्येकाच्या तोंडावर दिसायला लागली. लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागले. आणि फाटकावर कोण होतं? झडतीबाई. त्यांच्या हाताखालून कोणीतरी माल आत नेत होतं. त्यांना अन्न गोड लागेना.

आठवडाभर त्या खिडकीत बसून एकेकाला मनातल्या मनात उभं करत होत्या. पोस्टमनची पिशवी त्या दर वेळी उलटी करत. पोरं बोंडं लपवत, पण सापडावीत म्हणून. टोपीवाली स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला मारून घेईल? राहता राहिली माई. माईला त्या हलक्या हाताने तपासत. माई रोपं लावायला दोरीशीच बसे. आणि माईचा जावई ट्रक चालवायचा. भाड्याच्या जागेत ट्रक उभा करावा लागतो म्हणून त्याची कटकट भिंतीपलीकडून कितीदा ऐकू आली होती. सगळं कसं जागच्या जागी बसलं. झडतीबाईंना ते बसल्याचं समाधान वाटलं, आणि समाधानाच्या खाली कुठेतरी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं माईकडे काही सापडलं नव्हतं. सापडावं, असंही त्यांना वाटलं होतं की काय कोण जाणे. सापडलं असतं तर तो अंबाडा सोडल्याचं काहीतरी सार्थक झालं असतं.

रविवारी माई आली, टोपली खाली ठेवून तिने हात पसरले. मागे रांग होती, पोरं होती, टोपीवाली होती.

“कोट काढ,” झडतीबाई म्हणाल्या. “आणि टोपली रिकामी कर.”

माईने पहिल्यांदाच पलीकडे न बघता सरळ त्यांच्याकडे बघितलं.

“काढते की. केस पण सोडू?”

माईने कोट काढून टेबलावर ठेवला आणि आपल्याच हाताने अंबाडा सोडला. पांढऱ्या केसांची बारीक लांब वेणी खांद्यावरून खाली आली. ती पुन्हा हात पसरून उभी राहिली. झडतीबाईंनी कोटाच्या शिवणी चाचपल्या, टोपलीचा वेत न् वेत बघितला, रोपांची माती बोटांनी फोडून बघितली. काही नव्हतं. पण जा हा शब्द त्यांच्या घशातून बाहेर येईना. सापडलं नाही म्हणजे नसतंच असं थोडंच आहे? माई वाट बघत राहिली. शेवटी माईने तो शब्द न ऐकताच हात खाली घेतले, रोपं टोपलीत भरली आणि घराकडे निघून गेली. टोपीवालीने तिला हाक मारली, ती थांबली नाही. उरलेल्या दिवसात कोणी झडतीबाईंच्या बाजूने बोललं नाही आणि माईच्याही. आपलं बरोबरच होतं, असं त्या घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत राहिल्या.

आठवड्याच्या मधल्याच एका दुपारी त्यांनी कोट उन्हात टाकायला काढला. उजव्या खिशाला भोक पडलं होतं, ते शिवावं म्हणून सुईदोरा घेतला आणि कोट मांडीवर ओढला. घेराशी हात गेला तसं बोटांना आधी कळलं. मग त्यांना कळलं. अस्तराच्या आत, खालच्या दुमडीत, कपड्यातून टोचणारं काहीतरी खडबडीत सरकत होतं. त्यांनी दुमडीचे दोन टाके उसवले. बोंड बाहेर आलं, मागे दुसरं. हात फिरवत त्या सगळा घेर चाचपत गेल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अस्तर भरलेलं होतं, आणि जुनी शिवण मध्ये मध्ये विरून गेली होती.

पहिला विचार काय आला असेल? घरात कोण शिरलं होतं, हा. कोणी भरली ही? माईने. भिंत ओलांडून, मागच्या दाराने, सूड म्हणून. त्या उठल्या आणि मागच्या दाराची कडी हलवून बघितली. कडी घट्ट होती, आतून. दार उघडून त्या परसात बघत राहिल्या. कचऱ्याच्या पिंपापाशी कमरेएवढं माजलेलं रान होतं, ज्यातून त्या दर रविवारी कोट घासत फाटकाकडे जात होत्या. आपल्या परसाकडे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. ते सगळं चिकटाच होतं. चालताना खिशात पडतील तेवढी बोंडं भोकातून अस्तरात शिरायची आणि घेरात साठायची. मग दिवस संपला की बाई फेरी मारायच्या, दोरीच्या कडेकडेने, चारी बाजूंनी, आणि विरलेल्या शिवणीतून एकेक बोंड खाली पडत जायचं.

त्या ओट्याशी येऊन बसल्या. बायका काय काय अस्तरात लपवतात हे ज्या बाईला सगळ्यात जास्त ठाऊक होतं, तिच्या अस्तरात हात घालायची सोय कोणी ठेवलीच नव्हती. फाटकावर सगळ्यांची झडती होई. झडती घेणारीची कधीच नाही.

शेगडी पेटलेली होती. कोट आत घातला असता तर अर्ध्या तासात राख झाली असती. परसातलं रान एका सकाळी उपटून होण्यासारखं होतं. रविवारी साधा स्वेटर घालून जायचं, हळहळायचं. चिकट्याची रांग हळूहळू बंद झाली असती, आणि माई येईनाशी झाल्यावर रांग बंद झाली, असं सगळ्यांना दिसलं असतं. कोणाला काही कळायची गरज नव्हती. झडतीबाईंनी हा विचार केला नाही असं नाही. चांगला दोन दिवस केला. त्या दोन दिवसांत भिंतीपलीकडून माईचा खोकला ऐकू आला की त्या आपला खोकला दाबून धरत. मग त्यांनी काढलेली दोन बोंडं परत अस्तरात घातली आणि उसवलेले टाके होते तसे शिवले. सापडलेली वस्तू साक्षीदारांशिवाय हलवायची नसते.

रविवारी सकाळी त्यांनी माईच्या दारावर थाप मारली. इतक्या वर्षांनी त्या दाराशी काय बोलायचं ते ठरवून आल्या होत्या, पण दार उघडल्यावर त्यातलं काहीच आठवलं नाही. माई दारात आडवी उभी राहिली. काय हवंय म्हणून तिने विचारलं नाही.

“माझी झडती घे,” झडतीबाई म्हणाल्या.

“कशाला?”

“घे म्हणते ना. इथे नको. फाटकावर, सगळ्यांसमोर.”

माईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग कोटाकडे. हा काय नवीन डाव आहे, असं तिला वाटलं असणार, आणि तिचं काय चुकलं? शेवटी तिने दाराला कडी घातली आणि चार पावलांचं अंतर ठेवून झडतीबाईंच्या मागून आली. झडतीबाई परसातून गेल्या नाहीत. रस्त्याने वळसा घालून गेल्या.

फाटकाशी टोपीवाली ब्रश घेऊन उभी होती, पोस्टमनकाका पिशवी उतरवत होते, पोरं रांगेत. झडतीबाई टेबलामागे गेल्या नाहीत. रांगेच्या पुढे, टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात दोन्ही बाजूंना पसरले. कोणाला काही उमगेना. एक पोर हसलं. माई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली.

तिने आधी खांदे चाचपले. मग काखा, मग कंबर. कोणी शिकवायची गरज नव्हती, तो क्रम तिच्या अंगात मुरलेला होता. घेराशी आल्यावर तिचे हात थांबले. तिने दुमड बोटांत धरून पुढे मागे चोळली आणि वर बघितलं.

“अस्तरात आहे,” झडतीबाई म्हणाल्या. “साक्षीदार आहेत सगळे. उसव.”

टोपीवालीने कात्री दिली. माईने दुमड उसवली तशी बोंडं डब्यात पडायला लागली, पत्र्यावर टपटप, इतकी की पोरं टाचा उंचावून बघू लागली. ती कशी आली आणि कुठे पडत गेली, हे झडतीबाईंनी त्या टपटपीतच सांगितलं. परस, खिसा, फेरी. माईचं यात काही नव्हतं, कधीच काही नव्हतं, आज नाही आणि तेव्हाही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी आवाज नीट फुटला नव्हता. पोस्टमनकाका जमिनीकडे बघत राहिले. टोपीवाली म्हणाली की उगम सापडला हे फार बरं झालं, साहेब यायला अजून वेळ आहे, रांग उपटून काढता येईल. तिच्या बोलण्यात दया होती. झडतीबाईंना ती नको होती, आणि ती घेण्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

माईने कोट त्यांच्या अंगावरून उतरवून घेतला, एकेक बाही सोडवत. झडतीबाईंनी पुन्हा हात पसरले. आतला स्वेटर कोपरांवर विरला होता. मग माईने वाकून बूट बघितले, डब्याचं झाकण लावलं, ते नीट दाबलं. कोटाची घडी घालून तो टेबलाखाली ठेवला. आणि ती उभी राहिली.

झडतीबाई त्या शब्दाची वाट बघत होत्या. खांदे भरून आले, मग दुखायला लागले, मग पाठ धरली. पसरलेल्या हातांना वेळ किती मोठा होतो, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. त्या माईच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागल्या. तिकडे तळं होतं, आणि काठाला लव्हाळी हलत होती.

माई तो शब्द बोलली नाही. ती टेबलामागून बाहेर आली, तिने त्यांचा एक हात मनगटाशी धरून खाली केला, मग दुसरा.

“पाठ धरलीय तुझी,” ती म्हणाली. “खुरपं मी घेते. तू रांग दाखव.”